शनिवारचा स्टो

“ज्यू माणूस असा नसतो, रहमीमकाका,” मोरूदादा आमच्या स्टोला पंप मारत म्हणाला.

बाबा पाटावर बसले होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर शनिवारची काळी टोपी. त्यांनी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग आईकडे, मग मोरूदादाकडे.

“मग कसा असतो?”

“सांगतो. पिन कुठंय?”

आम्ही तिघंही काही बोललो नाही. तिघांनी फक्त फळीकडे पाहिलं. मोरूदादाने फळीवरून पिन घेतली आणि बर्नर टोकरायला लागला.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. अलिबागला आम्ही किती पिढ्यांपासून आहोत ते आजोबांनाही सांगता येत नसे. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, आमच्याकडे विस्तव पेटवत नाहीत. दुसऱ्याला पेटवायला सांगतही नाहीत. सांगितलं तर आपणच पेटवल्यासारखं होतं. पण शेजारच्या कुणी आपणहून येऊन स्टो पेटवला, स्वतःसाठी चहा टाकला आणि पातेल्यात पाणी जरा जास्त पडलं, तर त्याला आपला काय इलाज? मोरूदादाच्या हातून पाणी नेहमीच जास्त पडायचं. त्याच्या आधी त्याचे वडील यायचे. आम्ही त्यांना ‘या’ असं कधी म्हटलं नाही, मोरूदादालाही नाही. आदल्या संध्याकाळी दाराची कडी तेवढी काढून ठेवायची.

“ज्यू म्हणजे कसा, वाकलेला,” पिन ठेवून तो म्हणाला. “हात असे चोळणार. नजर अशी, तिरकी. आणि नाक...” तो थांबला. बाबांचं नाक बसकं होतं, माझ्या आजीसारखं. “तुमचं नाक अगदीच अलिबागचं आहे हो.”

“मी अलिबागचाच आहे.”

“तेच तर म्हणतो. तुम्ही रंगमंचावर आलात की लोक म्हणणार, अरे, हा तर आपला रहमीमकाका सोडावाला. ज्यू कुठंय?”

मोरूदादा म्हणजे मोरेश्वर चौबळ. शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि गावातल्या ‘सागरतारा’ नाट्यमंडळाची नाटकं बसवायचा. बाबा त्या मंडळात त्याच्या वडिलांच्या वेळेपासून होते. विदूषक, हवालदार, यमदूत, नायिकेचा आंधळा बाप, सगळं त्यांनी केलं होतं. मी प्रॉम्प्टर. माझा आवाज लहानपणापासून हलका. मोरूदादा म्हणायचा, “मिल्काचा आवाज विंगेतून निघतो, नटाच्या कानात जातो आणि पहिल्या रांगेच्या आधी विरतो. असा प्रॉम्प्टर जिल्ह्यात नाही.”

जिल्ह्याच्या हौशी स्पर्धेत आदल्या वर्षी दुसऱ्या गावच्या मंडळाने रशियन नाटक करून ढाल नेली होती. म्हणून आमच्याकडे अरबी करायचं ठरलं. अरबी येणारे गावात एकच, निजाम खतीब. आम्ही त्यांना खतीबचाचा म्हणायचो. बोटीवर नोकरी करून निम्मं आयुष्य बसऱ्याच्या बंदरात काढलेले, रागीट, तपकीर ओढणारे आणि वाचनाचे भयंकर वेडे. त्यांनी एका इराकी लेखकाची कथा मराठीत करून दिली. त्या लेखकाचं नाव ते कानाला हात लावून घ्यायचे. मला आता ते आठवत नाही.

कथा साधी होती. बगदादच्या एका गल्लीत अबू सालेम नावाचा मुसलमान कॉफीवाला आणि समोर सासून नावाचा ज्यू शिंपी. दर शनिवारी अबू सालेम काडेपेटी घेऊन गल्ली ओलांडतो आणि शिंप्याच्या घरचा विस्तव पेटवून येतो. मग दिवस पालटतात, सगळे ज्यू बगदाद सोडून निघतात, सासूनही जातो. पुढच्या शनिवारी अबू सालेम सवयीने काडेपेटी घेऊन त्या दाराशी जाऊन उभा राहतो. आतून नवा भाडेकरू विचारतो, कोण हवंय? तो म्हणतो, कोणी नाही. आज शनिवार आहे ना. संपली कथा.

चाचांनी ती पहिल्यांदा वाचली ती बाबांच्या सोड्याच्या दुकानात. वाचून झाल्यावर बाबा बराच वेळ एकच बाटली पुसत राहिले होते.

आम्हालाही निघायचं होतं. माझा भाऊ आधीच इस्रायलला, अश्दोदला गेला होता. आमचे कागद आले होते, दुकान दुसऱ्याला दिलं होतं. स्पर्धेनंतरच्या बुधवारी आम्ही कायमचे जाणार होतो. जाण्याआधी बाबांना एकच गोष्ट हवी होती, सासून शिंपी. “आयुष्यभर दुसऱ्यांची सोंगं केली,” ते आईला म्हणाले होते. “जाताना एकदा आपलाच माणूस करून दाखवतो. गावाच्या ध्यानात तेवढा राहील.”

“सासून मी घरत तलाठ्याला दिलाय,” मोरूदादा म्हणाला. स्टो फुरफुरायला लागला होता. “नाक लावू त्याला. आणि तो शिंपी ठेवला नाही मी, सावकार केलाय. शिंप्यात काही नाट्य नाही. तुम्ही अबू सालेम करा. भोळा, दाढीवाला, शेवटी फसणारा. तुम्हाला शोभेल.”

बाबा म्हणाले, “बरं. आणि तो शेवट?”

“कुठला?”

“काडेपेटीचा.”

“तो काढला.” मोरूदादाने ज्योत निळी होईपर्यंत पंप मारला. “कोण विश्वास ठेवेल काका? एक परधर्माचा माणूस स्वतःचा धंदा टाकून दर शनिवारी उठून शेजाऱ्याकडे जातो आणि चूल पेटवतो. का? त्याला त्यात काय मिळतं? नाटकात प्रत्येक कृतीला कारण लागतं.” त्याने पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, जरा जास्त. “कारण नसलेली गोष्ट प्रेक्षकाला पटत नाही.”

आईने पदर तोंडाला लावला. मी जमिनीकडे पाहिलं.

चहा झाला. मोरूदादा आपला कप पिऊन उठला आणि नेहमीसारखं “येतो मग शनिवारी” म्हणून गेला. त्यालाही आम्ही उत्तर देत नसू.

“देवाने ह्याच्या डोक्यात पण स्टोसारखा एक वायसर बसवायला हवा होता,” आई म्हणाली. “सगळी हवा बाहेर जाते मेल्याची.”

“सेगुला, आज शब्बाथ,” बाबा म्हणाले.

“बोलायला विस्तव लागत नाही.”

आईचं असं होतं. आणि माझं नेमकं उलटं होतं, त्याला कारण आईच. त्याच्या काही वर्षं आधी ती विषमज्वराने जायला लागली होती, तेव्हा मी एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला, नवस बोलले होते, आईला वाचव, माझ्या तोंडून कुणाविषयी वाईट शब्द जाणार नाही. गेला, तर दुसऱ्या दिवशी उपास. आई वाचली. मी रोज सकाळ-संध्याकाळ शेमाची प्रार्थना म्हणायची आणि निजण्याआधी दिवसभर काय काय बोलले ते आठवून बघायची. बहुतेक वेळा काही सापडत नसे. हळू बोलणाऱ्या माणसाला एक बरं असतं, वाईट शब्द ओठाशी येईपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो.

तालमी सुरू झाल्या आणि माझे हाल झाले.

मोरूदादाने लिहिलेला सासून गल्लीतल्या विहिरीवर डोळा ठेवायचा, पोलिसांना चुगल्या सांगायचा, आणि शेवटी अबू सालेमच्या तोंडावर हसत म्हणायचा, “कुत्र्यांनो! तुमची गल्ली मी विकली! तुमची विहीर विकली! तुमची झोप विकली!” अबू सालेम त्यावर म्हणायचा, “हे लोक असेच!” हे सगळं घरतांना आधी मी म्हणून दाखवायचं. आज म्हटलं की उद्या उपास. शुक्रवारी म्हटलं तर शनिवारी उपास चालत नाही, म्हणून तो रविवारवर ढकलायचा. त्या महिन्यात माझ्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

“अगं, ते शब्द तुझे नाहीत, पात्राचे आहेत,” मोरूदादा म्हणायचा.

“जीभ माझीच आहे ना, मोरूदादा.”

“पोरी, आमचा रमजान परवडला,” खतीबचाचा म्हणाले. “त्याचा चांद तरी दिसतो कधीतरी.”

यशवंत घरत गावचे तलाठी. उंच, देखणे, स्वभावाने लोणी. त्यांना पाठ वाकवून चालायला लावलं होतं आणि नाकातून बोलायला लावलं होतं. नाकावर मेणाचं नाक बसवलं होतं. ते मोरूदादाने स्वतः घडवलं होतं. बाजूने पाहिलं तर पोपट वाटायचा आणि समोरून पाहिलं तर घरतांना सर्दी झाल्यासारखं वाटायचं. तालीम संपली की ते नाक हातात घेऊन बाबांकडे यायचे.

“काका, मघाशी कुत्र्या म्हणालो. मनावर घेऊ नका.”

“अरे, तू अबू सालेमला म्हणालास.”

“तरी पण. बघून तुमच्याकडेच बोलायचं असतं.”

खतीबचाचा रोज तालमीला यायचे आणि रोज भांडायचे. एकदा तर त्यांनी तपकिरीची डबी आपटली.

“अरबीत वाईट ज्यू नाहीत असं मी म्हणत नाही! ढिगाने आहेत. सावकार आहेत, हेर आहेत, दारूचे गुत्तेवाले आहेत. इस्रायलशी लढाया सुरू झाल्यावर तर बघायलाच नको. लेखक बदलतो, ज्यू तोच. तेच नाक, तेच हात चोळणं. बोटीवर मी असली पुस्तकं गठ्ठ्याने वाचली आणि गठ्ठ्याने समुद्रात टाकली. त्या सगळ्यांत ह्या एका माणसाने उठून आपल्या गल्लीतला खराखुरा शिंपी लिहिला. त्याला तिकडे शिव्या पडल्या त्याबद्दल. म्हणून मी ती कथा जपून आणली इथपर्यंत. आणि तू, मोरेश्वर, तो शिंपी काढलास आणि मी समुद्रात टाकलेला परत आणून बसवलास!”

“चाचा, मी कॉलेजात इंग्रजी नाटकं वाचलीत. ज्यू कसा असतो ते मला माहिती आहे.”

“इंग्रजांना विचारलंस, अरबांना विचारलंस. समोर रहमीम उभा आहे, त्याला विचार की!”

मोरूदादाने बाबांकडे पाहिलं. खरंच नीट पाहिलं, डोळे बारीक करून, दिग्दर्शक बघतात तसं.

“रहमीमकाका वेगळे,” तो म्हणाला. “ते आपले आहेत.”

चाचांनी डबी उचलली आणि ते समुद्राच्या दिशेने निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. भांडायला दुसरी जागाही नव्हती त्यांना.

घरी बाबा तालमीचा विषय काढत नसत. फक्त एकदा रात्रीचं जेवताना आईला म्हणाले, “आपण गेल्यावर आपली घरं इथे राहतील, मशीद राहील. माणसं नसतील. मग लोकांना आपण कसे होतो ते आठवायचं झालं, तर काय आठवेल? घरतचं नाक.” मशीद म्हणजे आमचं प्रार्थनेचं घर. जुनी माणसं त्याला तसंच म्हणत.

आईने भाताचं पातेलं पुढे ओढलं. तिने त्यांना आणखी भात वाढला.

स्पर्धेत आमचा क्रमांक लागला शनिवारी संध्याकाळी सातला. कार्तिकात तारे त्याआधी दिसतात, म्हणून आमची अडचण झाली नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमचा मलिदा होता. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन पोहे, गूळ, खोबरं आणि फळं यांचं ताट करायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. जवळच्या खंडाळे गावात एक खडक आहे, त्यावर एलियाहूच्या रथाची खूण आहे असं आम्ही मानतो. तिथे जाऊन करायचा होता. तिथला आमचा शेवटचाच.

त्या शनिवारी सकाळी मोरूदादा आला तो धुंदीतच. स्टो पेटवला, चहा टाकला आणि प्यायचा विसरला.

“काका, आज नीट फसा हं. तालमीत तुम्ही फसताना फार समजूतदार दिसता.”

“प्रयत्न करतो,” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, “मोरूदादा, उद्या मलिदा आहे. उद्या मला उपास धरता येणार नाही, आणि तो बाकी ठेवून एलियाहूच्या ताटाला हात लावायचा नाही.”

“मग?”

“मग ते शेवटचं पान आज माझ्या तोंडून यायचं नाही. बाकी सगळं देईन.”

वर्गात मुलं ‘बाहेर जाऊ का’ विचारतात तेव्हा तो बघत असेल तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. “बरं बाई. घरतला ते पान झोपेतसुद्धा येतं. त्याची बायको वैतागलीय. तुझी गरजच लागणार नाही.” आणि तो धावतच गेला. त्याचा चहा तसाच गार झाला.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. इस्रायल आळीतली आमची उरलीसुरली घरं मागच्या बाकांवर होती. पुढे तीन परीक्षक, मुंबईहून आलेले. डाव्या बाजूला अबू सालेमचं कॉफीचं दुकान, त्यात खरा स्टो, खऱ्या किटल्या. उजव्या बाजूला सासूनचं दार. मी डाव्या विंगेत संहिता धरून, माझ्यामागे खतीबचाचा, समोरच्या विंगेत पडद्याची दोरी हातात घेऊन मोरूदादा.

नाटक चांगलं रंगलं, हे मला सांगायला हवं. सासून आला की लोक हिसहिस करायचे. त्याने हात चोळले की बायका “मेला बघ कसा!” म्हणायच्या. त्यांच्यात आमच्या शेजारणी होत्या, पुरणपोळीचा वाटा न चुकता आमच्याकडे पाठवणाऱ्या. घरत वाकत होते, नाकातून बोलत होते आणि घामाने निथळत होते. दिवे त्या काळी फार तापायचे.

शेवटचा प्रवेश आला. अबू सालेम हातात कपांचं तबक घेऊन गल्लीच्या मधोमध उभा. सासून त्याच्यापुढे आला, हात चोळले, शिव्या द्यायला खाली वाकला, आणि त्याचं नाक सुटून टपकन तबकातल्या कपात पडलं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, हे तर आपले तलाठी!”

हशा झाला. घरतांनी तोंड उघडलं. नाकातून बोलायची सवय झालेली, आणि नाक तर कपात. नाक गेलं तसं त्यांचं पाठांतरही गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ओळ माझ्या बोटाखाली होती. “कुत्र्यांनो! तुमची गल्ली मी विकली!” पलीकडून मोरूदादा हातवारे करत होता, दे, दे! मी घरतांकडे पाहिलं, मग बाबांच्या पाठीकडे. मला खंडाळ्याचा खडक दिसला, ताट दिसलं. मी ओठ मिटून उभी राहिले. घरतांनी मान थोडी आणखी वळवली, बिचारे बुडणाऱ्या माणसासारखे बघत होते. हशा विरला. शांतता लांबायला लागली.

मग बाबांनी तबक खाली ठेवलं. ते डावीकडे गेले, दुकानातला स्टो आणि किटली उचलली आणि गल्ली ओलांडून सासूनच्या दाराशी आणून ठेवली. मांडी घालून बसले. कमरेची काडेपेटी काढली.

“गप्प का, ते ठाऊक आहे मला, सासून,” ते म्हणाले. “आज शनिवार. तुला सांगता यायचं नाही. नको सांगू. मी आपला माझ्यापुरता चहा टाकतोय.”

माझ्यामागून चाचा एक पाऊल पुढे आले.

बाबांनी पंप मारायला सुरुवात केली. खांदा वर, कोपर बाहेर, दर दोन पंपांनंतर थांबून कपाळ पुसायचं. तसं पंप मारणारा अलिबागमध्ये एकच माणूस होता.

“पिन कुठंय?” बाबांनी विचारलं.

घरत काही बोलले नाहीत. त्यांना काही सुचतच नव्हतं. त्यांनी नुसतं दाराच्या चौकटीकडे पाहिलं. बाबांनी तिथून नसलेली पिन घेतली आणि बर्नर टोकरला.

आमच्या आळीतून पहिला हशा आला. मग शेजारच्या आळीतून. “मोरूमास्तर!” कुणीतरी म्हणालं. स्टो फुरफुरून पेटला.

“लोक म्हणतात ज्यू माणूस असा नसतो म्हणून,” पंप मारता मारता अबू सालेम म्हणाला. “वाकलेला असतो म्हणे. तू जरा वाकून दाखव बघू.”

घरत महिनाभर वाकले होते. ते हळूच सरळ झाले, कमरेवर हात ठेवला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाले, “पाठ फार दुखते हो, अबू सालेम.”

मग मात्र सगळं सभागृह हसलं. परीक्षकसुद्धा. घरत त्या हशाने सैल झाले आणि बाबांच्या समोर जमिनीवर बसले. बाबांनी किटलीतून दोन कप भरले. दोघे चहा प्यायले. एवढंच. दोन माणसं चहा पीत होती आणि लोक बघत होते. हसणं आपोआप थांबलं.

घरतांना त्यांच्या पानावरचे शेवटचे दोन शब्द तेवढे आठवले असावेत. ते उठले. “निघतो मी,” ते म्हणाले, आणि मग थांबून, “अबू सालेम.” दारातून आत गेले. दार लागलं.

बाबांनी स्टोची हवा सोडली. तो आवाज बंद झाल्यावर सभागृह किती शांत होतं ते कळलं. ते स्टो घेऊन दुकानात गेले, बसले, एक कप पुसला, दुसरा पुसला. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखे उठले, काडेपेटी घेतली, गल्ली ओलांडली आणि बंद दारासमोर उभे राहिले.

माझ्यामागून चाचांचा आवाज आला, खरखरीत, भाडेकरूचा. “कोण हवंय?”

“कोणी नाही,” बाबा म्हणाले. “आज शनिवार आहे ना.”

पडदा पडायला हवा होता. पडेना. समोरच्या विंगेत मोरूदादा दोरी धरून तसाच उभा होता. शेवटी चाचा दबक्या आवाजात म्हणाले, “ओढ रे, मोरेश्वर.”

निकाल त्याच रात्री लागला. ढाल आम्हालाच मिळाली. मुख्य परीक्षक म्हणाले, “अबू सालेमची भूमिका करणाऱ्या नटाने मुस्लिम समाजाचं फार बारीक निरीक्षण केलेलं दिसतं. सासून मात्र शेवटाकडे ज्यू वाटेनासा झाला, ही एक उणीव.” रंगभूषेचं उत्तेजनार्थ बक्षीस नाकाला मिळालं, ते होतं तोवरच्या कामगिरीबद्दल. दिग्दर्शनाचं पहिलं मोरूदादाला. “ज्या कृतीला काहीच कारण नाही,” परीक्षक म्हणाले, “ती इतकी पटवून देणं हे दिग्दर्शकाचं यश आहे.”

मोरूदादा माईकपाशी गेला. “हा शेवट मला पहिल्यापासून असाच दिसत होता,” तो म्हणाला.

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मलिदा होता.

बुधवारी सकाळी एस.टी. स्टँडवर पोचवायला फार माणसं नव्हती. घरत कचेरीतून तासाभराची सवड काढून आले होते. खतीबचाचा रुमालात बांधून मेणाचा एक गोळा घेऊन आले, म्हणाले, “नाक. तुमच्याकडेच असू द्या. इथे राहिलं तर हा पुन्हा वापरेल.” आमची मोठी ट्रंक मोरूदादाने खांद्यावरून आणली होती, आणि वाटभर तो बाबांशी भांडत आला होता.

“बक्षीस मिळालं ते सोडा काका, पण क्लायमॅक्स तुम्ही खाल्लात माझा. सासूनने विहीर विकली की नाही, ते कळलंच नाही शेवटी!”

“राहिलं खरं,” बाबा म्हणाले.

“आता तिकडे गेल्यावर खरे ज्यू भेटतील तुम्हाला. नीट बघून ठेवा. कसे चालतात, कसे बोलतात. पुढच्या वर्षी मला उपयोग होईल.”

“बघून ठेवतो,” बाबा म्हणाले. आईने खिडकीकडे तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. हसण्याने की कशाने, मला दिसलं नाही.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी मागे सरकायला लागली. मोरूदादा खिडकीच्या गजाला हात लावून दोन पावलं बरोबर चालला, काहीतरी शेवटचं म्हणायचं म्हणून.

“बरं काका,” तो म्हणाला, “येतो मग शनिवारी.”

म्हणाला आणि थांबला. हात गजावरून सुटला. तोंड तसंच उघडं राहिलं, घरतांसारखं. चाचांनी खाली बघून तपकिरीची डबी उघडली आणि तशीच मिटली.

बाबा खिडकीतून बाहेर वाकले.

“ये,” ते म्हणाले. “नवी पिन घेऊन ये. आपली वाकलीय.”

अश्दोदला आल्यावर कचेरीत एका बाईने आमचे कागद पाहिले, आमच्याकडे पाहिलं आणि भावाला हिब्रूत काहीतरी विचारलं. भाऊ लाजत म्हणाला, “त्या म्हणतात, हे ज्यू? वाटत नाहीत.”

बाबांनी आईकडे पाहिलं. “मोरू इथेही तालीम घेऊन गेलेला दिसतो.”

बाबा आता नाहीत, आईही नाही. इथे विजेची शेगडी असते. शुक्रवारीच लावून ठेवली की शनिवारभर गरम राहते. कुणी यायची गरज पडत नाही. दाराची कडी मात्र मी शुक्रवारी काढून ठेवते. मुलं विचारतात कशाला. मी काही सांगत नाही. सांगायचं नसतं.